शिवालिकच्या पायथ्याशी चार डब्या

चंडीगडला जाऊन आले म्हटलं की लोक आधी दगडांच्या बागेबद्दल विचारतात, मग गुलाबांच्या. मी दोन्ही पाहिलेल्या नाहीत. पाच दिवसांत मी माझ्या मावसबहिणीचं क्वार्टर पाहिलं, एक सरकारी कचेरी पाहिली, एक अभयारण्य पाहिलं आणि एक पोलीस चौकी पाहिली. शेवटच्या दोन ठिकाणांबद्दल लिहायचं आहे. तेव्हा लिहिता आलं नाही. आता बरीच वर्षं झाली, पंजाबात अतिरेक्यांच्या भीतीने बंद पडलेल्या रात्रीच्या बस पुन्हा सुरू होऊनही जमाना झाला, तरी अभयारण्याचं नाव गाळलंय आणि माणसांची नावं बदलली आहेत. ते का, हे वाचताना कळेल.

मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि सगळ्या सुट्ट्या मेळघाटात, वनखात्याला गस्त तपासून देण्यात घालवत होते. देशातल्या राखीव जंगलांचा कारभार कसा चालतो हे तपासायला एक समिती नेमली गेली आणि बाहेरची तपासनीस म्हणून तिच्यात मला घेतलं. अकरा पानी फॉर्म होता. पाणवठे, वणवा अडवायच्या जाळरेषा, चराई, आसपासची गावं, गस्त, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जनावरं किती आहेत याला त्यात फारशी किंमत नव्हती. राखण खरोखर होते की नुसती कागदावर, एवढंच शोधायचं होतं. हे काम मला आवडायचं, कारण मी स्वभावाने शंकेखोर आहे. आमच्या घरी दूधवाला मला दारात पाहिलं की आपणहून माप वर धरून दाखवतो.

गस्त तपासायची माझी एक युक्ती होती. चुन्याच्या रिकाम्या डब्या घ्यायच्या, आत आकडा लिहिलेली चिठ्ठी टाकायची आणि गस्तीच्या वाटेवर डोळ्यांच्या उंचीला टांगून ठेवायच्या. जो गार्ड वाटेने जाईल त्याला ती दिसेल, तो आणून देईल. डबी जागच्या जागी राहिली तर रजिस्टर खोटं. मेळघाटात या डब्यांनी भल्याभल्यांची झोप उडवली होती. चंडीगडला निघताना मी चार डब्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून घेतल्या.

पहिला दिवस: सेक्टर तीस

दिल्लीहून निघालेली बस वाटेत तीनदा थांबवली. पुरुषांना हात वर करून खाली उतरवत, बायकांच्या पिशव्या जागेवरच उपसत. एका पोलीस बाईने माझी डबी कानाशी धरून हलवली.

"ये क्या है?"

"चूने की डिब्बी. तमाखू का चूना."

ती हसली आणि डबी परत दिली. माझ्या पुढच्या सीटच्या पाठीवर सूचना रंगवलेली होती, की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. ट्रान्झिस्टर, डबे, पिशव्या यांत बॉम्ब सापडल्याच्या बातम्या तेव्हा नेहमीच्या होत्या. अंबाल्यापासून चंडीगडपर्यंत ती सूचना माझ्या नाकासमोर होती, आणि मांडीवर चार डब्या. तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. जंगल म्हणजे या सगळ्याच्या बाहेरचा मुलूख, अशी माझी पक्की समजूत होती.

सुनंदा, माझी मावसबहीण, सेक्टर तीसमध्ये राहत होती. तिचे यजमान दिनकरराव तिथल्याच वैज्ञानिक उपकरणांच्या प्रयोगशाळेत. सुनंदाने पोह्यांची बशी हातात देतानाच नियम सांगितला.

"ताई, पाचच्या आत घरी. पाच म्हणजे पाच."

"अगं, मेळघाटात मी एकटी हिंडते."

"तिथं फक्त वाघ असतो बाप्पा."

त्यांची मुक्ता आठवीत होती. मराठी तिला सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत. "मौसी, आप सच में जानवरों की टीचर हो?" असं तिने विचारलं आणि आम्ही तिघं हसलो. संध्याकाळी साडेपाचला खिडक्यांचे पडदे ओढले गेले. बाहेर इतके रुंद, सरळ, झाडांनी भरलेले रस्ते आणि त्यांवर चिटपाखरू नाही. आमच्याकडे त्या वेळेला माणसं फिरायला बाहेर पडतात.

जेवणानंतर मी डब्यांना सुतळी बांधत बसले होते. दिनकररावांना घरी रेडिओ दुरुस्त करायचा नाद होता. पलंगाखालून एक खोकं ओढून त्यांनी लाल-पिवळी बारीक तार काढून दिली.

"सुतळी माकडं तोडतील. ही घ्या ताई, माकडाच्या बापाला तुटायची नाही."

आम्ही दोघं शिकलेली माणसं. दोघांनी मिळून चारही डब्यांना तार गुंडाळली.

दुसरा दिवस: मातीचे डोंगर

परवान्याच्या कागदासाठी सकाळी सरकारी कचेऱ्यांच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सपाशी गेले. त्या प्रचंड काँक्रिटच्या पुढे वाळूच्या पोत्यांच्या भिंती आणि पोत्यांमधून बंदुकीच्या नळ्या. कारकुनाने कागद दिला आणि वर न बघता म्हणाला, "शाम से पहले निकल आना, मैडम."

जीपने तासाभरात शिवालिकच्या पायथ्याला पोचलो. मेळघाटचे डोंगर काळ्या दगडाचे, इथले पिवळ्या मातीचे, वाळक्या भाकरीसारखे हाताने कुस्करता येतील असे. ओढ्याला इथे चो म्हणतात. पावसाळ्यात तो माणूस वाहून नेतो म्हणे, मार्चमध्ये त्यात वाळूशिवाय काही नव्हतं. खैर, शिसव, मध्येच फुललेली काटेसावर. ती दिसल्यावर मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मातीचे बांध घालून अडवलेल्या पाण्याच्या कडेने सांबरांचे ताजे खूर उमटले होते.

रेंजरसाहेबांनी रजिस्टरं काढून ठेवली होती. चार बीट, म्हणजे गस्तीच्या चार हद्दी. प्रत्येकीत रोज संध्याकाळी चार ते सहा फेरी, एका दिवसाचाही खाडा नाही, आणि चारही रजिस्टरांत एकच निळी शाई.

"इतने बिगड़े हालात में भी रोज़?" मी विचारलं.

"रोज़ जी. पक्का."

"और बंदूकें?"

"थाने में जमा हैं. कोई छीन न ले, इसलिए."

म्हणजे ज्या टेकड्यांत पोलीससुद्धा दिवस मावळायच्या आत परततात, तिथे चार माणसं रोज हातात काठी घेऊन संध्याकाळी फिरतात. माझा विश्वास बसेना.

तिसऱ्या बीटचा गार्ड करनैलसिंग मला पाणवठे दाखवायला बरोबर आला. पन्नाशीचा, उंच, थोडा वाकलेला, विचारल्याशिवाय एक शब्द न बोलणारा. त्याचं घर अभयारण्याच्या कडेलाच होतं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग त्याचं गाव, आडनाव, लेकीबाळी सगळं विचारून घेतात. इथे आधी लस्सी, तीही तांब्याएवढ्या पेल्यात, आणि ती संपेपर्यंत कोणी काही विचारत नाही. त्याची बायको समोर उभी राहून म्हणत होती, "पी लओ बहनजी, ठंडी है." मी अर्ध्यावर दम घेतला तर तिने पेला पुन्हा भरला.

तो माणूस मला आवडला, पण रजिस्टरावरचा संशय काही जाईना. परतताना प्रत्येक बीटमध्ये जीप थांबवायला लावून मी एकेक डबी गस्तीच्या वाटेवरच्या खैराला टांगली. कोणालाही सांगितलं नाही. सांगून तपासायचं तर तपासायचं कशाला? मी झाडीत शिरले की ड्रायव्हर बलबीर सभ्यपणे पाठ फिरवून उभा राही. चौथ्या वेळी मात्र त्याने काळजीने विचारलं, "मैडमजी, पेट खराब है? ईसबगोल ले लो." मी हो म्हणून टाकलं.

तिसरा दिवस: बंद

सकाळी कळलं की बंद पुकारलाय. जीप येणार नाही. मी फॉर्म भरत बसले, दिनकरराव पेपर वाचत होते, सुनंदा पुरणपोळ्या लाटत होती. दुपारी लांबून मोठा आवाज आला. सुनंदाचं लाटणं हवेत थांबलं. तिने आधी मुक्ता कुठे आहे ते पाहिलं, मग आमच्याकडे. ट्रकचा टायर फुटला होता, एवढं शेजारच्यांकडून कळेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

रेडिओवर बातम्यांनंतर तीच बेवारस वस्तूंची सूचना झाली. दिनकररावांनी पेपर खाली ठेवला.

"ताई, त्या डब्या काढल्या का?"

"नाही. उद्या काढीन."

"तारेसकट टांगल्यात?"

मी फॉर्म बाजूला सारला. झाडाला लटकलेली धातूची डबी, तिला गुंडाळलेली लाल-पिवळी तार. बघणाऱ्याला ती काय दिसेल, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काहून, काय झालं?" सुनंदाने विचारलं.

"मी तार द्यायला नको होती," दिनकरराव एवढंच म्हणाले.

शेजारच्या घरून रेंज ऑफिसला फोन लावून पाहिला. पाच वेळा लावला, लाइन मिळाली नाही. मी स्वतःची समजूत घालत होते, की रजिस्टर खोटं आहे, तिकडे कोणी फिरकत नाही, डबी कोणाला दिसणारच नाही. ज्या कामचुकारपणाचा पुरावा शोधायला आले होते, तो खरा निघावा म्हणून मी देवाला हात जोडले.

चौथा दिवस: चौकी

रेंज ऑफिसच्या अंगणात करनैलसिंगची बायको जमिनीवर बसलेली दिसली. मला पाहून ती उठली नाही. रेंजरसाहेबांनी मला आत नेऊन दार लोटून घेतलं आणि झालेलं सांगितलं.

मी डबी टांगली त्याच संध्याकाळी करनैलसिंग फेरीवर गेला होता. त्याला ती दिसली. रेडिओवर जे सांगतात ते त्याने अक्षरशः केलं. हात लावला नाही, भोवती दगड रचले, आणि गुज्जर गवळ्यांच्या म्हशी त्या वाटेने जातात म्हणून रात्रभर लांब बसून राखण केली. पहाटे एका गुज्जराहाती चौकीला निरोप पाठवला. बंदमुळे पोलीस दुपारी आले आणि त्यालाच उचलून घेऊन गेले. संध्याकाळी जंगलात तू कशाला गेला होतास? तुलाच बरी सापडली? कोणासाठी काम करतोस? शहरातून बॉम्बवाली तुकडी अजून आली नव्हती. डबी झाडालाच होती आणि आज दुपारी दोन वाजता त्याला पुढच्या चौकशीसाठी शहरात नेणार होते.

त्या काळात चौकशीला नेलेलं माणूस कधी आणि कोणत्या अवस्थेत परत येईल, हे कोणी सांगू शकत नसे.

"डिब्बी मेरी है," मी म्हणाले.

रेंजरसाहेबांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि आवाज खाली आणला. "मैडम, आप चुप रहिए. तुकड़ी आएगी, डिब्बी खुलेगी, काग़ज़ निकलेगा. वो अपने आप छूट जाएगा. आप बोलीं तो आप भी अंदर, और फिर रजिस्टर भी खुलेंगे."

मी खोटं सांगणार नाही. मिनिटभर मला ते पटलं. घड्याळात अकरा वाजले होते. मग मला आतली चिठ्ठी आठवली. 'सापडल्यास आणून द्यावी. ३. मा.' एवढंच. परक्या भाषेतला मजकूर, एक आकडा, माझ्या नावाचं एक अक्षर. ती चिठ्ठी उघडली तर करनैलसिंग सुटणार नव्हता, जास्तच अडकणार होता. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकले होते. इथे सुळी मीच रोवली होती.

चौकीत करनैलसिंग भिंतीशी बाकावर बसला होता. पगडी सुटून मांडीवर पडली होती, एक गाल सुजला होता. मला पाहून त्याने घाईघाईने डोकं पगडीने झाकलं. मला त्याच्याकडे बघवेना.

ठाणेदाराने माझं सगळं ऐकून घेतलं. फॉर्म पाहिला, परवाना पाहिला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"प्रोफ़ेसर साहिबा जंगल में डिब्बे टाँगती फिरती हैं. किसी ने देखा?"

बलबीरला बोलावलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की मॅडम चारदा झाडीत गेल्या, पण त्या पोट बिघडल्यामुळे. मी कपाळाला हात लावला.

"आपकी है न?" ठाणेदार म्हणाला. "तो चलिए, आप ही खोलिए."

वाटेवर दोन शिपाई उभे होते. ते आम्हाला पाहून आणखी मागे सरले. करनैलसिंगने रचलेलं दगडांचं कडं नीट गुडघाभर उंच होतं, आणि मध्ये खैराच्या फांदीला माझी डबी वाऱ्याने हळूहळू फिरत होती. ठाणेदार करनैलसिंगसकट सगळ्यांना घेऊन ओढ्याच्या काठाआड बसला. मी एकटी पुढे निघाले.

ती डबी मी स्वतः भरली होती. आत कागदाचा कपटा आहे हे मला ठाऊक होतं. तरी दहा पावलांवर माझे पाय थांबले. दोन दिवस झाले होते. मी गेल्यावर इथे कोण येऊन गेलं? तार मी उजवीकडून गुंडाळली होती की डावीकडून? ही माझीच डबी कशावरून? खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली. मागे वळून पाहिलं तर काठावरून फक्त एक पगडी दिसत होती. करनैलसिंग उभा होता. बाकी सगळे खाली वाकलेले आणि तो एकटा सरळ उभा राहून माझ्याकडे बघत होता. शिपाई त्याला खाली ओढत होता.

मी कडं ओलांडलं, डबी हातात घेतली. झाकण घट्ट बसलं होतं, दोनदा बोट घसरलं. तिसऱ्यांदा उघडलं. आत चिठ्ठी होती.

ठाणेदाराने ती दोनदा वाचली, मग मला वाचायला लावली, मग अर्थ सांगायला लावला. नंतर तो मला जे बोलला ते मी निमूट ऐकून घेतलं, कारण त्यात चूक एकही शब्द नव्हता. त्याने माझा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि करनैलसिंगला म्हणाला, "जा भई, घर जा." त्याच्या गालाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

उरलेल्या डब्या काढायला करनैलसिंग बरोबर आला. मी नको म्हटलं तरी आला. पहिल्या बीटमध्ये डबी जागच्या जागी होती. दुसऱ्यात होती. चौथ्यातही होती. तिथल्या वाटांवर कोळ्यांची जाळी आडवी लागली होती. कित्येक दिवसांत तिकडून माणूस गेलेलं नव्हतं. चारांपैकी फिरणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच मी रात्रभर चौकीत बसवलं होतं.

त्याच्या अंगणात बसल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं जी. आपको क्या पता था." त्याच्या बायकोने लस्सी आणली, पण या वेळी ती समोर थांबली नाही. मी पिशवीतून फॉर्म काढला आणि त्याला दाखवला. तिसऱ्या बीटला गस्तीचे पूर्ण गुण देणार, त्याचं नाव लिहिणार, बक्षिसाची शिफारस करणार, असं सांगितलं. मला वाटलं, निदान एवढी तरी भरपाई.

त्याने फॉर्मवर बोट ठेवलं.

"मैडमजी, ये काग़ज़ कहाँ जाएगा?"

"दिल्ली. उसकी नक़ल यहाँ दफ़्तर में."

"टाइप होगा?"

"हाँ."

"तो मेरा नाम न लिखना जी." तो थांबला, बायको आत आहे ना ते पाहून घेतलं. "मेरा रौंड भी न लिखना. इन पहाड़ियों से मुंडे भी निकलते हैं, हथियारवाले लड़के. उनको लगता है इधर शाम को कोई नहीं आता. जिस दिन पता चला कि एक आदमी रोज़ आता है, और जो देखता है वो पुलिस को बताता है..." त्याने सुजलेल्या गालावरून हात फिरवला. "पुलिस ने तो एक रात रखा. वो एक रात भी नहीं रखेंगे."

"फिर क्या लिखूँ?"

"ज़ीरो लिख दो जी. बाक़ियों जैसा."

"और तुम? अब भी जाओगे?"

तो उठला. भिंतीला टेकवलेली काठी घेतली, आकाशाकडे पाहून वेळेचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "आप निकलो अब. चार बज गए."

जीप वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. तो ओढ्याच्या वाळूतून तिसऱ्या बीटच्या दिशेने चालला होता.

पाचव्या दिवशी मी परत निघाले. फॉर्म मी सुनंदाच्या जेवणाच्या टेबलावर पुरा केला होता. गस्तीच्या रकान्यात चारही बीटांपुढे शून्य लिहिलं. तिसऱ्यापुढचं शून्य मी सगळ्यात शेवटी लिहिलं. इतकी वर्षं मी खोटी रजिस्टरं पकडत आले होते, आणि आयुष्यातली पहिली खोटी नोंद मी अशी केली.

दोन महिन्यांनी दिल्लीत समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझा अहवाल वर धरला. बाकीचे तपासनीस परिस्थितीकडे बघून गुण देत आले आहेत, ते म्हणाले, या बाईंनी मात्र कुणाची भीडमुर्वत न ठेवता, खुद्द जागेवर जाऊन, होतं तसं लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून आभार मानले आणि खाली बसले.